ज्याचा पेला त्याने कालवावा

प्रिय एवारिस्त,

आज सकाळी नॅडेजने माझ्या व्हरांड्यातल्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, बाबांनी पाठवलंय. आता आपल्याला लागत नाही म्हणाले." आत तुझा पेला होता, तुझी रवी होती आणि लिंबू कापायचा तुझा चाकू होता. जाता जाता तिने तुझा एक निरोपही सांगितला. त्या खोक्यापायी आणि त्या निरोपापायी मी हे पत्र लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. दार ठोठावलं तर आतून रेडिओ मोठा करतोस. कागदासमोर रेडिओ मोठा करून उपयोग नसतो, म्हणून कागद घेतला. नॅडेजला जाऊ दिलेलं नाही. ती समोर बसून कालची खाऱ्या माशाची भजी खाते आहे आणि दर थोड्या वेळाने विचारते आहे, "आत्या, झालं का? मला दुकान उघडायचंय." मी तिला सांगितलं, तुझ्या बापाने दीड महिना तोंड उघडलेलं नाही, तुझं दुकान तासभर बंद राहिलं तर मोर्न-व्हेर गाव काही दरीत कोसळणार नाही.

निरोपाकडे मी शेवटी येईन. आधी मला भांडायचं आहे.

आपल्या घरचा नियम तुला मी सांगावा असं नाही, पण तू तो इतका उलटा समजून बसला आहेस की सांगते. रमची बाटली, साखर आणि लिंबं टेबलावर ठेवायची आणि पाहुण्याला म्हणायचं, ज्याचं मरण त्याने कालवावं. त्याचा पंच, म्हणजे रम-लिंबू-साखरेचा पेला, आपण करून द्यायचा नाही. किती साखर, किती लिंबू, किती रम, हे ज्याचं तो जाणे. पपा तर म्हणायचे, दुसऱ्याच्या पेल्यात हात घालणारा उद्या त्याच्या ताटात घालेल आणि परवा त्याच्या संसारात. ते बरोबरच होतं. पण ज्याला कालवता येईनासं झालं त्याने टेबलावरून उठून जावं, असं पपा कधी म्हणाले होते? मी त्या घरात तुझ्याहून दोन वर्षं जास्त काढली आहेत. मी तरी ऐकलेलं नाही.

मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाची गोष्ट आठवते आहे. फ्रान्समध्ये तुलूझहून पदवी घेऊन आपल्या बेटावर, मार्तिनिकला परत आले त्या दिवसापासून मी पोरांना रसायनशास्त्र शिकवत होते आणि घरी आले की एक पंच, तोही जेवणाआधी, एवढाच माझा त्या बाटलीशी संबंध. मग शाळा सुटली आणि मी काचेची मापं, गाळण्या, बरण्या घेऊन स्वयंपाकघरात बसले. लोक निवृत्त झाल्यावर देवाचं करतात, मी रमचं करायला लागले. मनसोक्त फिरले. डोंगराच्या या अंगाचा ऊस आणि त्या अंगाचा ऊस यांची रम शेजारी शेजारी ठेवून चाखली. तू न्हाव्याचा डगला घालूनच आला होतास, दारात उभा राहून म्हणालास, "ताई, जन्मभर पोरांना आम्लं शिकवलीस, आता म्हाताऱ्यांना नशा शिकवणार का?" मी म्हटलं, नशा तुला येते, मला अभ्यास करायचा आहे. तू म्हणालास, "मग मी तुझा बेडूक. काप मला." आणि बसलास. त्या रविवारपासून तुझी खुर्ची ठरली, पुढे एर्मान्स आणि ग्रासियेन यांच्याही ठरल्या.

काय काय केलं आपण! कोकोच्या भाजलेल्या बिया रममध्ये घातल्या तेव्हा ती रम न राहता चिखल झाली होती. हनुमानफळाचा गर घातला तो नासला आणि बरणीचं झाकण उडून छताला लागलं. तो डाग अजून आहे. लाल अंबाडीच्या फुलांच्या अर्कात मी आलं, लिंबू आणि जुनी रम घातली, वर जायफळ किसलं, तेव्हा एर्मान्सने एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाई, हे मला माझ्या नवऱ्याच्या आधी भेटलं असतं तर मी लग्नच केलं नसतं." ग्रासियेनने लगेच विचारलं, "आणि आता विधवा झाल्यावर भेटलंय तर?" तिने त्याला फडक्याने मारलं. पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये की कुठल्या घरात काय टाकावं.

आणि तू. तू प्रत्येक बाटलीचं बूच काढलं की नाकपुडी फुगवून सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडायचास. "अहाहा! आज व्हॅनिला पुढे, दालचिनी मागे, आणि ही लवंग बघा, सासूसारखी दारातच उभी!" सुरुवातीला हसू यायचं. यंदा, फेब्रुवारीतल्या कार्निव्हलनंतर, तुझी बडबड दुपटीने वाढली आणि मला ती असह्य झाली. मी पेला ओठांना लावायच्या आत तू सांगून मोकळा. ही जळकी आहे, ही ताज्या उसासारखी आहे, हिच्यात संत्र्याची साल अजून कच्ची आहे. मी तुला कितीदा म्हटलं, एवारिस्त, तोंड बंद ठेव, माझं मला ठरवू दे. तू ऐकलं नाहीस. मला वाटलं, भावाला म्हातारपणी फुशारकी सुचते आहे.

आता नोव्हेंबरातल्या सर्वसंतांच्या दिवसाकडे येते, कारण तिथूनच तू गेलास. आईपपांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला संध्याकाळी निघायचं होतं. त्याआधी आपण चौघं इथे बसलो होतो. तू लिंबू हातात घेतलंस. चाकू लावलास. लिंबू निसटलं. पुन्हा घेतलंस, पुन्हा निसटलं, टेबलाखाली गेलं. तू वाकून काढलंस. तुझा हात मोटारीच्या इंजिनासारखा थरथरत होता आणि आम्ही तिघंही सभ्य माणसं! एर्मान्स कुंपणावरच्या पक्ष्याकडे असं बघायला लागली जणू तिने आयुष्यात पक्षी पाहिला नव्हता. ग्रासियेनने नगरपालिकेच्या नव्या कचरागाडीची गोष्ट काढली. मी टेबलक्लॉथवरची फुलं बघत बसले. दुसऱ्याच्या पेल्यात हात घालायचा नाही ना! म्हणून आम्ही कुणी हात घातला नाही, आणि तू एकटा त्या लिंबाशी लढत राहिलास. शेवटी बाटली उचललीस तेव्हा अर्धी रम टेबलक्लॉथने प्यायली. तू उरलेली तशीच कोरडी घशात ओतलीस, पेला उपडा ठेवलास आणि म्हणालास, "चला, मेणबत्त्या लावायच्यात." थडग्यावर काडी नॅडेजने ओढली.

मला त्या सभ्यतेचा संताप आहे. चांगल्या घरच्या माणसांनी जीव जाईपर्यंत एकमेकांकडे न बघण्याचं जे शिक्षण घेतलेलं असतं ना, त्याचा. पण त्याहून जास्त संताप तुझा आहे, कारण तू त्या न बघण्याचा फायदा घेतलास आणि सटकलास.

पुढच्या रविवारी नॅडेज म्हणाली, बाबांचं पोट बिघडलंय. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. मग ग्रासियेनने बातमी आणली, "बाई, एवारिस्तला शनिवारी अ‍ॅडव्हेंटिस्टांच्या प्रार्थनाघरापाशी पाहिलं. गेला तो, दारू सोडून देवाकडे गेला." मी म्हटलं, माझा भाऊ देवाकडे जाईल तेव्हा आधी देवाला विचारेल, तुमच्याकडे पन्नास टक्क्यांची मिळते की पंचावन्नची. पण घरी कुणी नसताना मला ते खरं वाटायला लागलं. मी तुझ्या दाराशी आले ती त्याच रागात. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने पंथ बदलावा आणि सख्ख्या बहिणीला पोस्टमनकडून कळावं? तू आत होतास. रेडिओवर सायकलींच्या शर्यतीचं धावतं वर्णन चाललं होतं. तुला सायकलींचा आयुष्यभर तिटकारा आहे.

आज खोकं उघडलं आणि मला पंथाबिंथाचा सगळा उलगडा झाला. आपल्या रवीला एवढी जाड मूठ कधी आली? झाडाची एक साधी फांदी, टोकाला पाच बोटं, ती दोन तळव्यांत फिरवायची. ती तू तुझ्या दुकानातल्या कापडी पट्टीने गुंडाळून काकडीएवढी जाड केली आहेस. वर दोरा, दोऱ्यावर पुन्हा पट्टी. चाकूच्या मुठीवर तर बूच कोरून बसवलं आहेस. म्हणजे इतके दिवस तू त्या बंद दाराआड, सायकलींच्या गोंगाटात, लिंबं कापायचा सराव करत होतास. बूच एका बाजूने चावल्यासारखं तुटलं आहे. ते तू दातांनी धरलं होतंस का? विचारते आहे, उत्तर दे.

मी नॅडेजला विचारलं. आधी म्हणाली, "मला काही माहीत नाही, आत्या." मी फक्त बघितलं. मग म्हणाली, "शहरातल्या डॉक्टरने काहीतरी नाव सांगितलं. जीव जाणार नाही म्हणाला, पण हात असेच राहणार. कुणी बघत असलं की जास्त." आणि रडायला लागली. मी तिच्यापुढे भजी ठेवली ती तेव्हा.

म्हणजे ईस्टरला तू केस कापायचं दुकान बंद केलंस, "लोक आता शहरात जाऊन डोकी करून घेतात, ताई" म्हणालास, ती थाप होती. त्याआधी ग्रासियेनच्या कानामागे पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाला, "गुलाबाचा काटा लागला, बाई." त्याच्या परसात गुलाब नाही. कधीच नव्हता. केळी आणि मिरच्या आहेत. म्हणजे कान कापून घेतलेल्या माणसानेही तुला सांभाळून घेतलं आणि मला सांगितलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक आणि बहीण मात्र टेबलक्लॉथवरची फुलं बघत बसलेली. आजच ग्रासियेनला मी यावरून धारेवर धरणार आहे, त्याची काळजी तू करू नकोस.

आता तू गेल्यावर इथे काय झालं ते ऐक. नाताळच्या श्रबसाठी संत्र्याच्या साली मी दरवर्षीप्रमाणे सोलल्या, पांढरा भाग खरवडून काढला, पत्र्यावर उन्हात वाळवल्या. आईचंच प्रमाण. पांढऱ्या रममध्ये साली, व्हॅनिलाची शेंग, दालचिनी, जायफळ, लवंग, आणि बरणी उन्हात. पहिली बरणी मी गेल्या रविवारी उघडली आणि दोघांना एक-एक बोटभर दिली. एर्मान्स म्हणाली, "छान आहे हो," आणि पाव मागितला. ग्रासियेनने पेला उंच धरून उजेडात पाहिला आणि म्हणाला, "रंग फार सुंदर आलाय, बाई." ग्रासियेन रंगाबद्दल बोलला! तो माणूस आजवर फक्त तळाबद्दल बोलत आला आहे. दोघं गेल्यावर मी मागे गेले तर दोघांचेही पेले शेवंतीच्या कुंडीत ओतलेले. त्यातली लवंग मातीवर पडली होती. एक नाही, चांगल्या सात-आठ. मी लवंग दोनदा घातली होती, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि बरणीने मला सांगितलं नाही.

येत्या शनिवारी नाताळची गाणी म्हणत सगळी आळी माझ्या दारात येणार. आईच्या वेळेपासून लोक आपल्या घराशी थांबतात ते गाण्यासाठी नाही, श्रबसाठी. दुसरी बरणी भरून ठेवली आहे. साली आज काढायच्या, उद्या काढायच्या की आणखी चार दिवस ठेवायच्या, हे मला ठरवायचं आहे. आणि नेमक्या अशा वेळी तुझी मुलगी खोकं ठेवते, पायरी उतरता उतरता मागे वळते आणि तुझा निरोप सांगते: "बाबा म्हणाले, आत्याला सांग, साली काढायची वेळ झाली असेल. वासावर जाऊ नको म्हणावं, रंग बघ."

वासावर जाऊ नको!

म्हणजे तुला माहीत होतं. कार्निव्हलच्या वेळी मी तापाने पडले, ताप गेला आणि नाक परत आलं नाही, हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, आरशालासुद्धा सांगितलं नाही. जिभेला गोड कळतं, कडू कळतं, बाकी तोंडात नुसती आग आणि पाणी. रम आणि रॉकेल मला सारखंच. नाक नसलेली बाई लोकांना बोलावून चवी शिकवते आहे, हे हसं मी कसं होऊ देणार होते? आता मला एकेक आठवतंय. लेंटच्या उपवासांत एका सकाळी तू आलास, न बोलता स्वयंपाकघरात गेलास, सगळ्या खिडक्या उघडल्यास आणि म्हणालास, "ताई, वारा जरा खेळू दे घरात." तू गॅसची कळ बंद केलीस ना तेव्हा? आणि ती तुझी बडबड. व्हॅनिला पुढे, दालचिनी मागे. ती फुशारकी नव्हती. तू प्रत्येक बाटलीचा वास मोठ्याने वाचून दाखवत होतास, आंधळ्याला पत्र वाचून दाखवतात तसा. मी तोंड बंद ठेव म्हणायचे आणि तू वाचत राहायचास. त्या बडबडीवरच मी दर रविवारी सगळ्यांसमोर तज्ज्ञासारखी बोलत होते आणि मला वाटत होतं की मीच ओळखलं.

एवारिस्त, तू आठेक महिने माझा पंच कालवत होतास. माझ्या पेल्यात मनगटापर्यंत हात घातलेला होता तुझा. मला विचारलंस? आणि मी उठून गेले का? आणि तुझ्या लिंबावर एकदा कुणी चाकू धरायची वेळ आली तर तू खुर्ची सोडलीस, पेला परत पाठवलास, रेडिओवर सायकली लावल्यास. इतका राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. मला तुझी दया आलेली नाही आणि तू माझी केलेलीही मला चालणार नाही. रविवारी बाराला यायचं. लिंबू मी कापणार, सगळ्यांच्या देखत, आणि बाटलीही मी धरणार. एर्मान्सला पक्षी बघायचे असतील तर तिने घरी जाऊन बघावेत. रवी तू फिरवायचीस. दोन तळवे एकमेकांवर दाबून धरले की हात थरथरायला जागाच उरत नाही, मी आत्ताच करून पाहिलं. आणि बूच उघडलं की तू ओरडायचं. पूर्वीसारखं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. त्या दोघांना मी आधीच सांगणार आहे, तू का ओरडतोस ते.

नॅडेज उठली आहे. शेवटचं भजं तिने तुझ्यासाठी रुमालात बांधलं आहे, मी पाहिलं नाही असं तिला वाटतं.

तुझीच,
लेओकाडी

नॅडेजच्या हाती परत दिलं: पेला एक, कडेला जुना टवका असलेला. रवी एक, पट्टीसकट, मी काही सोडवलेलं नाही. खोकं तेच. याशिवाय नवीन दिली: श्रबची दुसरी बरणी, सालींसकट, तोंडाला फडकं बांधून. ती उघडायची, हुंगायची आणि साली आज काढायच्या की नाही ते आजच्या आज फोन करून सांगायचं. नॅडेजने सगळं मोजून घेतलं.

चाकू दिलेला नाही. तो इथेच राहील.